शौल, दावीद आणि योनाथान: शौर्य, सेनापती आणि राजाचा मत्सर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मेंढपाळ दाविदानं गोफणीच्या दगडानं धिप्पाड पलिष्टी योद्धा गल्याथाला मारलं, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. ती जिथे संपते असं वाटतं, तिथूनच खरी गोष्ट सुरू होते, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. या कथा सांगताना जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. नावं मराठी बायबलमध्ये रुळलेल्या रूपात ठेवली आहेत.

या कथा कुठे आहेत आणि कोणत्या काळातल्या?

बायबलमधल्या शमुवेलाच्या दोन पुस्तकांत. ज्यू परंपरेत हे मुळात एकच पुस्तक मानलं जातं. काळ साधारण इ.स.पू. १००० च्या आसपासचा. इस्राएली वंश डोंगराळ भागात राहत होते. पश्चिमेच्या सपाटीवर त्यांच्या शत्रूंची, पलिष्ट्यांची, पाच नगरं होती: गाझा, अश्कलोन, अश्दोद, एक्रोन आणि गथ. डोंगर आणि सपाटी यांच्या मधल्या खोऱ्यांतच बहुतेक लढाया झाल्या. इस्राएलचा पहिला राजा शौल यानं किती वर्षं राज्य केलं हे सांगणारं हिब्रू वाक्य (१ शमुवेल १३:१) मात्र मोडकं आहे. त्यातला आकडा हस्तलिखितांच्या नकला करणाऱ्यांच्या हातून कधीतरी गळला असावा.

इस्राएल लोकांना राजा हवाच कशाला होता?

लढायला. म्हातारा संदेष्टा शमुवेल त्यांना परोपरीनं समजावतो: राजा तुमची पोरं रथापुढे पळवील, पोरींना स्वयंपाकाला लावील, शेतं आणि द्राक्षमळे घेईल, धान्याचा दहावा हिस्सा नेईल. लोक ऐकत नाहीत. त्यांचं उत्तर असं की आमचा राजा आमचा न्याय करील, आमच्या पुढे चालेल आणि आमच्या लढाया लढेल.

‘पुढे चालणं’ हे शब्द ध्यानात ठेवा. ही राजाच्या कामाची व्याख्या आहे आणि ती लोकांनी केलेली आहे. उद्या ते काम दुसराच कोणी करू लागला, तर मुकुट घालून बसलेल्या माणसाकडे काय उरतं? माझ्या मते पुढची सगळी कथा या एका प्रश्नाभोवती फिरते.

शौल पहिल्यापासूनच वाईट होता का?

मुळीच नाही. बापाची हरवलेली गाढवं शोधायला निघालेला हा तरुण राजपदाचा अभिषेक घेऊन परततो. त्याची निवड जाहीर होते तेव्हा तो सामानसुमानात लपून बसलेला असतो. लोक त्याला ओढून बाहेर काढतात, तर सगळ्यांपेक्षा खांद्यापासून वर उंच.

त्याचं पहिलं काम तर डोळ्यांत पाणी आणणारं आहे. यार्देन नदीपलीकडच्या याबेश-गिलाद गावाला अम्मोनी राजा नाहाश वेढा घालतो. शरणागतीची त्याची अट एकच: गावातल्या प्रत्येकाचा उजवा डोळा फोडणार. गावकरी सात दिवसांची मुदत मागून घेतात. शौल तेव्हा शेतातून बैलांमागे चालत येत असतो. बातमी ऐकताच तो बैलांची जोडी कापून तुकडे देशभर धाडतो: जो येणार नाही त्याच्या बैलांचं असंच होईल. मग सैन्याच्या तीन टोळ्या करून पहाटेच्या प्रहरी हल्ला, आणि ऊन चढेपर्यंत अम्मोन्यांची दाणादाण. विजयानंतर त्याच्या जुन्या टीकाकारांना मारून टाका अशी मागणी होते, तेव्हा तो साफ नकार देतो. याबेश-गिलाद हे नाव शेवटी पुन्हा येणार आहे.

योनाथान म्हणजे दाविदाचा मित्र, एवढीच त्याची ओळख का?

दुर्दैवानं तशी झाली आहे खरी. पण दावीद कथेत येण्याआधीच शौलाचा हा मुलगा हजार माणसांचा नायक होता.

तेव्हाची परिस्थिती बघा. पलिष्ट्यांनी इस्राएलात लोहार राहू दिला नव्हता. नांगराच्या फाळाला किंवा कुदळीला धार लावायची तर सपाटीवर शत्रूकडे उतरायचं आणि दर मोजायचा ‘पीम’. हा शब्द जुन्या भाषांतरकारांना लागतच नव्हता. पुढे उत्खननांत ‘पीम’ कोरलेली छोटी दगडी वजनं सापडली, साधारण पावणेआठ ग्रॅमची, आणि कोडं सुटलं: तेवढी चांदी. लढाईच्या दिवशी तलवार आणि भाला फक्त दोघांकडे होता, शौल आणि योनाथान. उरलेले सहाशे जण बहुधा शेतीची अवजारं घेऊन आले असावेत.

मिखमाशच्या घाटात दोन सुळके होते, बोसेस आणि सेने. योनाथान बापाला न सांगता आपल्या शस्त्रवाहकासह तिथून हातापायांनी वर चढला. थोडक्यांच्या हातून असो की पुष्कळांच्या, सोडवायला परमेश्वराला अडचण नाही, एवढाच त्याचा हिशेब. वर वीसेक माणसं पडली आणि पलिष्टी छावणीत गोंधळ उडाला.

मग बापलेकांचं बिनसलं कशावरून?

मधावरून. त्याच दिवशी शौलानं सैन्याला शपथ घातली होती की संध्याकाळपर्यंत जो अन्न खाईल तो शापित. योनाथानला हे ठाऊकच नव्हतं. रानात मध दिसला, त्यानं काठीचं टोक बुडवून चाटला आणि त्याच्या डोळ्यांत तेज आलं. कोणीतरी शपथेचं सांगितल्यावर तो स्पष्ट म्हणाला की माझ्या बापानं देशाला त्रासात घातलं. लोकांनी पोटभर खाल्लं असतं तर आज याहून मोठा विजय झाला असता. बरोबरच होतं त्याचं. पाठलाग करणाऱ्या शिपायाला उपाशी ठेवणं हे कुठल्या युद्धशास्त्रात बसतं?

रात्री शौल पोटच्या पोराला ठार करायला निघाला. सैन्य आडवं आलं: आज ज्यानं आम्हाला सोडवलं, त्याच्या केसालाही धक्का लागणार नाही. राजाचा शब्द सैन्यानं मोडल्याची ही पहिली वेळ.

गल्याथ खरंच साडेनऊ फूट उंच होता का?

कोणती प्रत वाचता त्यावर आहे. आज प्रचलित असलेल्या हिब्रू पाठात ‘सहा हात एक वीत’ आहे, म्हणजे साडेनऊ फुटांच्या आसपास. मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत सापडलेल्या शमुवेलाच्या जुन्या गुंडाळीत आणि प्राचीन ग्रीक भाषांतरात मात्र ‘चार हात एक वीत’ आहे, म्हणजे साडेसहा फुटांहून थोडा जास्त. पुष्कळ अभ्यासक हाच आकडा मूळचा मानतात.

मला तर लहान आकडाच जास्त बोचरा वाटतो. साडेसहा फुटी माणसासमोर जायला इस्राएलात एक जण नक्कीच योग्य होता: जो सगळ्यांपेक्षा खांद्यापासून वर उंच होता, ज्याच्याकडे चिलखत होतं आणि ज्याला ‘पुढे चाल’ म्हणूनच नेमलं होतं. एला खोऱ्यात गल्याथ चाळीस दिवस सकाळ-संध्याकाळ आव्हान देत राहिला आणि शौल तंबूत बसून बक्षिसं जाहीर करत राहिला: धन, मुलगी, बापाच्या घराण्याला करमाफी. भावांना हुरडा आणि भाकरी पोचवायला आलेल्या मेंढपाळ पोरानं ते ऐकलं.

गोफण म्हणजे पोरखेळच ना?

ज्वारीच्या राखणीला माळ्यावर उभं राहून ज्यानं गोफण फिरवली आहे, तो असं म्हणणार नाही. प्राचीन युद्धात गोफणदारांची वेगळी तुकडीच असे. अश्शूरी राजा सन्हेरीबानं इ.स.पू. ७०१ मध्ये लाखीश जिंकलं, त्या वेढ्याची त्याच्या महालातली शिल्पं आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांत गोफणदार स्पष्ट दिसतात. लाखीशच्या उत्खननात गोफणीचे गोलसर दगडही निघाले. शास्ते पुस्तकात बन्यामीन वंशातले सातशे डावखुरे येतात, केसावर नेम धरला तरी न चुकणारे. शौलाचाच वंश हा!

गल्याथाच्या अंगावर पाच हजार शेकेल वजनाचं, म्हणजे पन्नास किलोंच्या वरचं, पितळी चिलखत; भाल्याचं पातंच जवळजवळ सात किलोंचं. असा माणूस जवळ येणाऱ्याशी लढायला सजलेला असतो. शौलानं आपलं चिलखत दाविदाला चढवून पाहिलं, तेव्हा चार पावलं टाकून तो म्हणाला, हे घालून मला चालता येत नाही, सवय नाही. त्यानं चिलखत उतरवलं तिथेच लढाईची पद्धत बदलली होती.

पण गल्याथाला दुसऱ्याच कोणी मारलं असंही लिहिलं आहे म्हणे?

हो. २ शमुवेल २१:१९ मध्ये बेथलेहेमचाच एलहानान गल्याथाला मारतो. नंतर लिहिलेल्या इतिहासाच्या पुस्तकात तो गल्याथाच्या भावाला मारतो. एका मोठ्या राजाच्या नावावर त्याच्या शिपायाचा पराक्रम चढला, असं काही अभ्यासक म्हणतात. काहींना ही नकलेतली चूक वाटते. सैनिकाचा पराक्रम राजाच्या खात्यात जाणं हा विषय पुढे दाविदाचा सेनापती यवाब याच्या वेळी पुन्हा निघतो.

बायकांच्या एका गाण्यावरून एवढा मत्सर?

“शौलानं हजारो मारले, दाविदानं लाखो” (हिब्रूत अक्षरशः ‘दहा-दहा हजार’). डफ-झांजा घेऊन राजाच्या स्वागताला निघालेल्या बायकांच्या तोंडी ही ओळ आहे. गंमत अशी की हिब्रू काव्यात ‘हजार’ आणि ‘दहा हजार’ ही ठरलेली जोडी आहे. पहिल्या चरणात एक, दुसऱ्यात दुसरा. आपल्या ओव्यांतही दुसरी ओळ पहिलीवर चढते, म्हणून कोणी वजनकाटा काढत नाही. बायकांना तुलना करायचीच नव्हती, असंही असू शकतं. शौलानं मात्र हिशेब मांडला: मला हजार, त्याला दहा हजार, आता राज्य तेवढं द्यायचं राहिलं.

पुढच्या वाक्यातलं हिब्रू क्रियापद ‘डोळा’ या शब्दावरून आलं आहे. आपल्याकडे त्याला अगदी चपखल बोल आहे: त्या दिवसापासून शौल दाविदाला पाण्यात पाहू लागला.

हे गाणं कथेत तीनदा येतं. नंतरच्या दोन्ही वेळी ते पलिष्ट्यांच्या तोंडी आहे. म्हणजे शत्रूच्या छावणीतही ते पाठ होतं.

शौलानं नेमकं काय केलं?

आधी भाला फेकला. दावीद वीणा वाजवत होता, तो चुकवून निसटला. शौलाचा हा भाला सारखा दिसत राहतो: झाडाखाली दरबार भरतो तेव्हा हातात, झोपतो तेव्हा उशाशी रोवलेला, एकदा तर जेवणाच्या पंगतीत योनाथानवरच फेकलेला. पलिष्ट्यांवर फेकलेला मात्र दिसत नाही.

मग डाव. दाविदाला दरबारातून काढून हजारांचा नायक केलं. दूर राहील, एखाद्या लढाईत पडेलही. झालं उलटंच. तो लोकांपुढे जाऊ-येऊ लागला, आणि त्यामुळेच सगळे इस्राएल आणि यहूदा त्याच्यावर प्रेम करू लागले, असं लेखक मुद्दाम सांगतो. राजाचं काम राजानं स्वतःच्या हातानं दुसऱ्याला देऊन टाकलं.

मग लग्न. शौलाची धाकटी मुलगी मीखल दाविदावर प्रेम करत होती. शौलानं हुंडा मागितला शंभर पलिष्ट्यांच्या अग्रत्वचा, म्हणजे परस्पर काटा निघेल. दाविदानं दोनशे आणल्या. (मुलांना गोष्ट सांगताना हा भाग कसा ओलांडायचा ते ज्यानं त्यानं ठरवावं.) पुढे मारेकरी आले तेव्हा मीखलनंच त्याला खिडकीतून उतरवलं आणि बिछान्यात घरातली मूर्ती निजवून वर पांघरूण घातलं.

योनाथानला मत्सर का वाटला नाही? गादी तर त्याची जात होती.

सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे आणि लेखक त्याचं थेट उत्तर देत नाही. तो फक्त एक कृती दाखवतो: योनाथान आपला झगा, तलवार, धनुष्य आणि कमरबंद काढून दाविदाला देतो. ज्या देशात एके काळी दोनच तलवारी होत्या, त्यांतल्या एकीचा हा मालक! बापाचं चिलखत दाविदाला बसलं नव्हतं. योनाथाननं दिलेलं त्यानं घेतलं.

चित्रांत दोघे समवयस्क दाखवतात, पण योनाथान बराच मोठा असणार. मिखमाशला तो सेनानायक होता तेव्हा दावीद मेंढरांमागे तरी होता की नाही कोण जाणे. मला वाटतं, सुळका चढलेल्या माणसाला दुसऱ्यानं मारलेल्या उडीची किंमत कळते. खोऱ्यात चाळीस दिवस नुसतं उभं राहिलेल्याला ती सोसत नाही. पण योनाथानही त्या चाळीस दिवसांत तिथेच असावा आणि पुढे आला नाही, हेही खरं. त्याबद्दल ग्रंथ गप्प आहे.

मत्सराची किंमत कोणी मोजली?

नोब गावच्या याजकांनी. पळून जाणाऱ्या दाविदाला अहीमलेखानं पवित्र भाकरी आणि गल्याथाची तलवार दिली, तीही हा राजाच्याच कामावर आहे असं समजून. शौलानं सगळ्यांना मारायचा हुकूम दिला. त्याच्या रक्षकांनी हात उचलला नाही. अदोमी दवेगानं उचलला: पंच्याऐंशी याजक, मग गावातली बायकापोरं, गुरंढोरं. याबेश-गिलादचे उजवे डोळे वाचवायला रातोरात धावलेला शौल तो हाच.

दाविदाला संधी असून त्यानं शौलाला का मारलं नाही?

दोनदा संधी आली. एन-गेदीच्या गुहेत शौल एकटाच परसाकडेला शिरला, आत दावीद आणि त्याची माणसं दडलेली. दाविदानं झग्याचा काठ तेवढा कापला, आणि त्याचंही त्याच्या मनाला लागलं. दुसऱ्यांदा रात्री छावणीत शिरून त्यानं उशाचा भाला आणि पाण्याचा तांब्या उचलला. बरोबर आलेला त्याचा शिपाई अबीशय म्हणत होता, एका घावात संपवतो. दाविदाचं उत्तर दोन्ही वेळा एकच: परमेश्वराच्या अभिषिक्तावर हात टाकणार नाही.

यात भक्ती आहेच. पण उद्या आपणही अभिषिक्त म्हणून बसणार आहोत, आणि राजाला मारायचा पायंडा पडला तर तो आपल्यावरही उलटेल, एवढं न कळण्याइतका दावीद भोळा नव्हता.

शौलाचा शेवट कसा झाला?

गिलबोवाच्या डोंगरावर. तीन मुलं पडली, त्यांत योनाथानही. तिरंदाजांनी जखमी केलेल्या शौलानं शस्त्रवाहकाला सांगितलं, मला मार. तो धजला नाही, तेव्हा शौल आपल्याच तलवारीवर पडला. पलिष्ट्यांनी त्याचं धड बेथ-शानच्या तटावर टांगलं.

तेव्हा याबेश-गिलादचे लोक रात्रभर चालून आले. त्यांनी प्रेतं तटावरून उतरवली, घरी नेऊन दहन केलं, अस्थी झाडाखाली पुरल्या आणि सात दिवस उपास केला. डोळे वाचवल्याचं ऋण ते विसरले नव्हते.

दाविदानं शौल आणि योनाथानवर विलापगीत रचलं. त्यात शौलाबद्दल एकही कडवट शब्द नाही.

राजा झाल्यावर दावीद तरी वेगळा वागला का?

सगळे वंश त्याला राजा करायला हेब्रोनला आले तेव्हा म्हणाले, शौल राजा होता तेव्हाही आम्हाला पुढे नेणारे-आणणारे तुम्हीच होता. जुनीच व्याख्या. पुढे एकदा लढाईत दमलेल्या दाविदाला इशबी-बनोब नावाचा पलिष्टी मारणारच होता, अबीशयानं वाचवलं. माणसांनी शपथ घातली: आता तुम्ही आमच्याबरोबर लढाईला यायचं नाही, इस्राएलचा दिवा विझेल.

आणि मग ते वाक्य: राजे लढाईला निघतात त्या ऋतूत दाविदानं यवाबाला धाडलं, स्वतः यरुशलेमात राहिला. तिथून त्यानं जवळ केलेली बथशेबा, आणि तिचा नवरा, शिपाई उरीया. रजेवर आणलेला उरीया घरी झोपायला जात नाही, कारण सोबती उघड्यावर आहेत. शेवटी दावीद त्याच्याच हाती त्याच्या मरणाचं पत्र देतो: याला तुंबळ लढाईच्या तोंडी ठेवा आणि मागे सरा. शौलानंही दाविदाला शत्रूच्या हातून मारू पाहिलं होतं. त्याचा डाव फसला, दाविदाचा साधला.

याच मोहिमेचा शेवट फार कमी लोक वाचतात. यवाब राब्बा शहर जवळजवळ जिंकतो, पाणीपुरवठ्याचा भाग हाती येतो, तेव्हा तो थांबतो आणि राजाला निरोप धाडतो: उरलेलं सैन्य घेऊन या आणि शहर तुम्ही घ्या, नाहीतर मी घेतलं तर त्याला माझं नाव पडेल. सेनापतीनं स्वतःहून विजय राजाच्या पदरात टाकला. बायकांचं ते गाणं त्यालाही पाठ असणार.

हे सगळं खरं घडलं का?

शौलाचं नाव बायबलबाहेरच्या समकालीन लेखात मिळालेलं नाही. दाविदाबाबत १९९३ मध्ये उत्तर इस्राएलातल्या तेल दान इथे इ.स.पू. नवव्या शतकातला अरामी शिलालेख सापडला. त्यातल्या शब्दांचं वाचन बहुतेक अभ्यासक ‘दाविदाचं घराणं’ असं करतात. म्हणजे शे-दीडशे वर्षांनी शत्रू राजाही या राजवंशाला त्या नावानं ओळखत होता. एला खोऱ्यावरच्या खिर्बेत केयाफा इथे त्याच काळच्या सुमाराची तटबंदीची वस्ती निघाली. ती कोणाची, यावर वाद आहे. गल्याथाचं गथ म्हणजे आजचं तेल एस-साफी, हे बहुतेकांना मान्य आहे.

मराठीशी याचा काही संबंध?

आहे, आणि जुना. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाची, म्हणजे आपल्या ‘शनवार तेल्यां’ची, मातृभाषा मराठी. एकोणिसाव्या शतकात त्यांनी बायबलमधल्या कथांवर चक्क मराठी कीर्तनं रचून गायली. पुण्याचं ‘लाल देऊळ’ म्हणजे बगदादी ज्यूंचं १८६७ मध्ये पुरं झालेलं सिनेगॉग. त्याचं मूळ नाव ओहेल डेव्हिड, ‘दाविदाचा तंबू’. ते बांधवणाऱ्या ससूनांचं नावही डेव्हिडच होतं. आणि केडगावला पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून अख्खं बायबल मराठीत आणलं.

दाविदानं पाच दगड उचलले, लागला एकच. बाकीचे चार कशाला?

मुलांचा हा प्रश्न ठरलेला. ग्रंथ म्हणतो एवढंच, की ओढ्यातले पाच गुळगुळीत दगड त्यानं मेंढपाळाच्या पिशवीत टाकले. गल्याथाला चार भाऊ होते म्हणून, असं उत्तर बरेच जण देतात. ते २ शमुवेल २१ मधल्या गथच्या चार राक्षसी योद्ध्यांवरून जुळवलेलं असावं, पण तिथे त्यांना दाविदाची माणसं मारतात. माझं उत्तर साधं आहे: नेम चुकू शकतो, हे मेंढपाळाला ठाऊक होतं.